रिअल-टाइम ग्राफिक्स आणि व्हिजन: गेम कंपनीत रिसर्च इंजिनिअर व्हायचं तर पोर्टफोलिओत काय दाखवायचं?

नवा_पिक्सेल

एम.टेक.चं शेवटचं वर्ष आहे. कॉम्प्युटर व्हिजनची बाजू बरी आहे: पायटॉर्च, सेगमेंटेशन, पोझ एस्टिमेशन (चित्रातून माणसाचे सांधे ओळखणं). ग्राफिक्समध्ये ओपनजीएलवर केलेला एक छोटा रेंडरर आहे, गाडी शॅडो मॅपिंगपर्यंत आलीये. तीन प्रश्न आहेत.

१) पीएचडीशिवाय गेममधल्या रिसर्च टीमचं दार उघडतं का?
२) हाताशी सहा महिने आहेत. गॉशियन स्प्लॅटिंगचा (फोटोंपासून बनवलेला, लाखो धूसर रंगीत ठिपक्यांचा ३डी सीन) व्ह्यूअर करू, न्यूरल डीनॉइझर (चित्रातले नॉइजचे दाणे न्यूरल नेटवर्कनं पुसणारा) करू की टेम्पोरल अपस्केलर (मागच्या फ्रेमच्या मदतीनं कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणारा)?
३) पुण्या-मुंबईत राहून या क्षेत्रात काही जमतं का?

चौकट_साठ

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

या कामात चलन एकच, मिलिसेकंद. ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम) अख्ख्या फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात, १२० ला ८.३३. त्यातून जॉमेट्री, सावल्या, लायटिंग, पोस्ट-प्रोसेसिंग वजा केलं की नव्या तंत्राच्या वाट्याला एक-दोन मिलिसेकंद उरले तरी नशीब. पेपरमधली कल्पना त्या फटीत बसवणं आणि बसत नसेल तर का बसत नाही ते आकड्यांत सांगणं, हे रिसर्च इंजिनिअरचं काम.

न्यूरल डीनॉइझर करायचा असेल तर कोड लिहिण्याआधी कागदावर हिशेब करा. १०८०पी म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. ३×३ चा एकच कन्व्होल्यूशन थर (दर पिक्सेलच्या ३×३ शेजारावर चालणारा नेटवर्कचा थर) घ्या, ३२ चॅनेल आत आणि ३२ बाहेर. दर पिक्सेलला ९×३२×३२ = ९,२१६ गुणाकार-बेरजा. एकूण सुमारे १९ अब्ज, म्हणजे ३८ गिगाफ्लॉप (गुणाकार आणि बेरीज वेगळे मोजून). प्रत्यक्षात सेकंदाला १० टेराफ्लॉप पदरात पडत असतील तर एका थराला ३.८ मिलिसेकंद! शिवाय एफपी१६ मध्ये (दर आकड्याला २ बाइट) या थराचा आउटपुट १३३ एमबी. तेवढंच वाचायचं आणि तेवढंच लिहायचं म्हटलं की ४०० जीबी प्रतिसेकंद बँडविड्थवर आणखी ०.६६ मिलिसेकंदाचं काम (थोडं गणिताच्या आड लपतं, सगळं नाही). पायटॉर्चमध्ये दहा थरांचं यू-नेट (एक प्रकारचं न्यूरल नेटवर्क) ‘रिअल-टाइम’ चालतं म्हणणाऱ्याला मुलाखतीत घाम फुटतो तो इथेच.

म्हणून जड थर निम्म्या किंवा पाव रिझोल्यूशनवर चालवतात, चॅनेल ८-१६ वर आणतात, थर एकमेकांत मिसळून मधला डेटा मेमरीत जाऊच देत नाहीत. हा हिशेब प्रोजेक्टच्या रीडमीत पहिल्या पानावर हवा.

सावलीकर

माझं मत सरळ टेम्पोरल अपस्केलरला. ग्राफिक्स, सिग्नल प्रोसेसिंग आणि व्हिजन तिन्ही त्यात येतात. शिवाय एएमडीच्या एफएसआर २ या अपस्केलरचा सोर्स २०२२ पासून एमआयटी परवान्याखाली खुला आहे, म्हणजे स्वतःचा निकाल ताडून बघायला पट्टी तयार आहे.

आधी साधा टीएए (मागच्या फ्रेम मिसळून दातेरी कडा घालवणं) करा. हॉल्टन (२,३) या संख्याक्रमातून जिटर (दर फ्रेमला कॅमेऱ्याला दिलेला पिक्सेलहून छोटा धक्का) घ्या आणि तो प्रोजेक्शन मॅट्रिक्समध्ये मिसळा. मोशन व्हेक्टर (पिक्सेल मागच्या फ्रेमपासून किती सरकला) मात्र जिटर वजा करूनच लिहायचे. तपासणी सोपी: कॅमेरा आणि सीन दोन्ही स्थिर ठेवा. मोशन व्हेक्टर बफर सगळीकडे अगदी शून्य आला पाहिजे. तसा येत नसेल तर जिटर गळतोय. कॅमेरा आडवा फिरवताना चित्र स्वच्छ आणि उभा फिरवताना मागे भूत राहत असेल तर वाय अक्षाची दिशा उलटी झालीये. क्लिप स्पेसमध्ये वाय वर जातो, डायरेक्टएक्सच्या टेक्श्चरमध्ये खाली. या एका चिन्हापायी आठवडा जातो.

पुढच्या खाचा:

– स्किन केलेल्या पात्राला मागच्या फ्रेमचीही हाडं द्यावी लागतात. नाही दिली तर धड नीट दिसतं आणि हलणारे हात धूसर.
– कडांवर मोशन व्हेक्टर ३×३ शेजारातल्या सर्वांत जवळच्या डेप्थवाल्या पिक्सेलचा घ्या, नाहीतर कड पुन्हा दातेरी होते.
– हिस्टरी (मागच्या फ्रेमचं साचलेलं चित्र) बायलिनियरनं (शेजारच्या चार पिक्सेलच्या सरासरीनं) वाचली तर दर फ्रेमला थोडं थोडं धुकं साचत जातं. कॅटमुल-रॉम हा जास्त धारदार फिल्टर वापरा, ९ बायलिनियर वाचनांत होतं, कोपरे सोडले तर ५ मध्ये.
– अपस्केल करताना मिप बायस (टेक्श्चरची किती बारीक आवृत्ती वाचायची ते ठरवणारा आकडा) विसरू नका. एफएसआर २ चं सूत्र: रेंडर रुंदी भागिले डिस्प्ले रुंदी, त्याचा पाया २ चा लॉग, वजा १. म्हणजे निम्म्या रुंदीवर बायस −२. जिटरचे नमुनेही वाढवावे लागतात: दुप्पट अपस्केलला ३२, दीडपटीला १८.

नव्या फ्रेमला ०.१ वजन दिलं तर साधारण १९ फ्रेमच्या सरासरीइतका नॉइज कमी होतो. छान वाटतं, पण दिवा विझला की जुन्या उजेडाचे १० टक्के उरायला २२ फ्रेम लागतात, ६० एफपीएसला जवळजवळ ०.३७ सेकंद. ते डोळ्याला दिसतं. म्हणून तर हिस्टरीचा रंग शेजाराच्या रंगांवर क्लॅम्प करायचा, म्हणजे त्यांच्या मर्यादेत दाबायचा. आणि क्लॅम्प कडक केला की तारांचं कुंपण लुकलुकायला लागतं. या ओढाताणीचे दोन व्हिडिओ शेजारी शेजारी ठेवा. नुसता पीएसएनआर (मूळ चित्राशी किती जुळतं त्याचा आकडा) देऊ नका, स्थिर चित्रावर तो उत्तम येतो आणि लुकलुक त्याला दिसतच नाही.

नवा_पिक्सेल

धन्यवाद, हिशेब करून बघतो. पण स्प्लॅटिंग अगदीच सोडून द्यायचं का? सध्या जिकडेतिकडे तेच आहे. आणि पोझ एस्टिमेशनचं जे आहे ते वाया जाणार?

ठिपक्यांची_रांगोळी

सोडू नका, पण व्ह्यूअरवर थांबू नका. २०२३ च्या मूळ कोडसारखा व्ह्यूअर आता ढिगानं मिळतो. मूळ मांडणीत एका स्प्लॅटला ५९ फ्लोट: स्थान ३, फिरकी ४, आकार ३, अपारदर्शकता १ आणि रंगाचे स्फेरिकल हार्मोनिक्स (बघायच्या दिशेनुसार रंग कसा बदलतो ते सांगणारे आकडे) ४८. म्हणजे २३६ बाइट. तीस लाख स्प्लॅटचा सीन ७०८ एमबी, आणि गेममध्ये एवढी मेमरी एका देखाव्याला कोणी देत नाही. दिशेनुसार बदलणारे ४५ आकडे टाकून दिले की ५६ बाइट उरतात, सीन १६८ एमबीवर येतो. चकाकी मात्र जाते. मग मधला मार्ग कुठला, कोणत्या पृष्ठभागावर किती फरक पडतो, हे मोजून दाखवलंत तर तो प्रोजेक्ट झाला.

दुसरी मेख सॉर्टिंगची. क्रम स्प्लॅटच्या केंद्राच्या डेप्थवरून लागतो. कॅमेरा नुसता जागेवर वळला तरी दोन मोठ्या स्प्लॅटचा क्रम उलटतो आणि रंग टपकन बदलतो. शिवाय प्रकाश आतच भाजलेला, त्यामुळे गेममधली मशाल जवळ नेली तरी भिंत उजळत नाही. या अडचणींपैकी एकच घ्या. सगळ्या घेतल्या तर एक ना धड, भाराभर चिंध्या.

पोझचं म्हणाल तर गेममध्ये सांध्यांची सरासरी चूक कमी असून भागत नाही. टेकलेला पाय जमिनीवर घसरला की ॲनिमेटर क्लिप परत पाठवतो. पाय टेकल्याचा क्षण ओळखा, त्या फ्रेममध्ये पाय आयकेनं (इन्व्हर्स किनेमॅटिक्स: पावलाच्या जागेवरून सांधे काढणं) खिळवा आणि घसरण सेंटिमीटरमध्ये आधी-नंतर दाखवा. तुमच्याकडचं काम तसंच ठेवून दोन आठवड्यांत होण्यासारखं आहे.

चौकट_साठ

मोजण्याबद्दल राहिलं होतं. सीपीयूच्या घड्याळानं जीपीयूचा वेळ मोजू नका, तिथे फक्त काम रांगेत टाकल्याचा वेळ येतो. टाइमस्टॅम्प क्वेरी (जीपीयूनं स्वतः नोंदवलेली वेळ) वापरा, जीपीयूचा क्लॉक लॉक करा, पहिल्या शे-दोनशे फ्रेम सोडून द्या आणि मध्यकाबरोबर ९९वा पर्सेंटाइलही लिहा. एका फ्रेमचं पोस्टमॉर्टम करायला रेंडरडॉक. वेळ कशात जातो हे बघायला कार्डाप्रमाणे एनसाइट किंवा रेडिऑन जीपीयू प्रोफाइलर.

दुवा_जोडणारा

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं थोडक्यात. ‘रिसर्च सायंटिस्ट’च्या जाहिरातीत बहुतेक वेळा पीएचडी मागतात. ‘रिसर्च इंजिनिअर’ला मास्टर्स आणि भक्कम सी++ वर काम भागतं. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचं सीड (स्टॉकहोम) आणि युबिसॉफ्टचं ला फोर्ज (मॉन्ट्रियल) यांची प्रकाशनं वाचा, कोणत्या प्रश्नांना मागणी आहे ते कळतं.

पुण्यात एन्व्हिडिया आणि युबिसॉफ्ट दोन्ही आहेत. पण ‘रिसर्च’ हाच शब्द टाकून शोधलंत तर हाती फारसं लागणार नाही. रेंडरिंग इंजिनिअर, ग्राफिक्स ड्रायव्हर, डेव्हलपर टेक्नॉलॉजी, परफॉर्मन्स ही नावं टाका. या कामांतून रिसर्चकडे सरकणं बाहेरून थेट उडी मारण्यापेक्षा सोपं. शैक्षणिक ओळखीसाठी आयसीव्हीजीआयपी ही व्हिजन-ग्राफिक्सची भारतीय परिषद बघा.

मुलाखतीत हमखास येणारा नमुना: १६×१६ च्या थ्रेड ग्रुपनं ५×५ फिल्टर चालवायचा. थेट वाचलं तर २५६×२५ = ६,४०० टेक्श्चर वाचनं. कड धरून २०×२० चा तुकडा ग्रुपशेअर्डमध्ये (ग्रुपच्या सामाईक जलद मेमरीत) आणला तर ४००. थ्रेड २५६, म्हणजे भरायला दोन फेऱ्या, आणि फेऱ्यांनंतर बॅरिअर (सगळे थ्रेड पोचेपर्यंत थांबणं). तो विसरलात तर कडेचे पिक्सेल कधी बरोबर, कधी चूक. एवढं सांगून झाल्यावर पुढचा प्रश्न येतो: टेक्श्चर कॅशे असताना हे खरंच वेगवान होईल का? तिथे ‘हो’ म्हणू नका. ‘मोजून सांगतो’ म्हणा, आणि काय मोजाल तेही सांगा.