युद्धाला जायचं तर संसदेला विचारायचं का? 'खंबीर नेता'वाल्यांना उत्तर

गोदाकाठचा_मास्तर:
काल इथं एका भावानं लिहिलं, "घरात चोर शिरल्यावर माणूस काठी उचलतो, भावकीची बैठक बोलवत नाही. नेता खंबीर पाहिजे, संसद नंतर बाकं वाजवायला आहेच." खाली 'एक नंबर', 'करेक्ट' यांचा पाऊस. राहवलं नाही.

चोर शिरल्यावर काठी उचलू नका असं कुणी म्हणतच नाही. अमेरिकेचा १९७३ चा कायदासुद्धा नाही. त्यात एवढंच आहे की अध्यक्षानं सैन्य लढाईत घातलं की ४८ तासांत काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कळवायचं. मंजुरी नाही मिळाली तर ६० दिवसांत थांबायचं, माघारीला फार तर आणखी ३०. तेव्हाचे अध्यक्ष निक्सननं नकाराधिकार वापरला, तो दोन्ही सभागृहांनी मोडून काढला. का? तर १९६४ ला व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर दोन हल्ले झाल्याचं दाखवून काँग्रेसकडून एक ठराव घेतला होता. त्यातला दुसरा हल्ला झालाच नव्हता. आणि त्या एका कागदावर पाच लाखांच्या वर सैन्य व्हिएतनाममध्ये गेलं. भांडण काठी उचलण्याचं नाही भावा, चोर पळाल्यावर ती घेऊन पुढच्या गावात शिरण्याचं आहे.

आपल्याकडं कलम ३५२ ची आणीबाणी लावली तर महिन्याभरात दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते, तीही विशेष बहुमतानं. युद्ध सुरू करायला मात्र संसदेला विचारण्याचं बंधन नाही. कलम ५३ म्हणतं, सैन्याचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडं आणि त्याचा वापर कायद्यानं नियंत्रित होईल. युद्धाआधी मंजुरी घ्या, असा कायदा आजवर कुणी केला नाही. कुठल्याच पक्षानं, हे आधीच सांगतो, नाहीतर खाली लगेच सुरू होईल.

जालन्याचा_राजा:
सर, ती 'एक नंबर'वाली माझीच कमेंट होती, म्हणून बोलतो. तुमचा तो कायदा चालतो कुठं? २०११ ला लिबियावर बॉम्ब टाकताना ६० दिवस उलटून गेले, ओबामांचं सरकार म्हणालं, कायद्याला अभिप्रेत असलेली लढाई ही नव्हेच. जून २०२५ ला इराणच्या फोर्दो अणुकेंद्रावर अमेरिकेचे बॉम्ब पडले, आणि आठवड्याच्या आत सिनेटमध्ये लगाम घालायचा ठराव ४७ विरुद्ध ५३ नं पडला. पास झाला असता तरी काय? २०१९ ला येमेनचा, २०२० ला इराणचा ठराव दोन्ही सभागृहांत पास झाला, ट्रम्पनं दोन्हींवर फुली मारली. पन्नास वर्षांत या कायद्यानं एक युद्ध अडवलेलं दाखवा. कागदी वाघ आहे.

परभणीकर:
जगात जर्मनी, भारतात परभणी उगाच म्हणत नाहीत! त्या जर्मनीत संसदेनं आधी हो म्हटल्याशिवाय सैन्य लढाईच्या मोहिमेवर बाहेर पाठवता येत नाही. १९९४ ला त्यांच्या घटना न्यायालयानं ठरवलं, २००५ ला कायदा झाला. आणि आमच्या पालिकेत वर्षानुवर्षं नगरसेवकच नव्हते, नुसता प्रशासक. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही आणि विचारायचं कुणाला? तुम्ही युद्धाची मंजुरी मागायलेत. इथं नालीच्या टेंडरला मंजुरी कुणी दिली तेच कळत नाही.

हिंगोलीचा_फौजी (निवृत्त):
राजा, तू किती वर्षांचा आहेस? राग मानू नको, पण मी श्रीलंकेत होतो. १९८७. जाताना सांगितलं, शांतता राखायचीय, तमिळ बंडखोर पोरांची हत्यारं जमा करून घ्यायचीत. तिथल्या बायांनी हार घातले आम्हाला. ऑक्टोबर उजाडला आणि त्याच पोरांवर जाफन्यात गोळी चालवायचा हुकूम आला. नकाशे धड नव्हते. माझा जोडीदार शेजारच्या गावचाच, त्याच्या आईला मी काय तोंड दाखवलं ते मलाच ठाऊक. जवळपास बाराशे जवान गेले तिकडं. त्यांना पाठवण्याआधी लोकसभेत मतदान झालं नव्हतं. आणि १९९० ला शेवटची तुकडी मद्रासला उतरली तर तिथले मुख्यमंत्री स्वागताला यायला तयार नव्हते. पाठवताना कुणी विचारलं नाही आणि परत आल्यावर कुणी आपलं म्हणलं नाही.

जालन्याचा_राजा:
मामा, तुम्हाला सलाम. पण तुमच्याच उदाहरणानं माझं म्हणणं सिद्ध होतंय. तेव्हा लोकसभेत राजीव गांधींचे चारशेच्या वर खासदार होते. मतदान घेतलं असतं तरी पाच मिनिटांत मंजूर. मग काय फरक पडला असता?

उदगीरचा_वकील:
आता खरा मुद्दा आला. फरक पडला नसता, कारण १९८५ ला दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी, आलं होतं. व्हिप, म्हणजे अमुकच मत द्या हा पक्षाचा आदेश, मोडला की खासदारकी जाते. इंग्लंडमध्ये २०१३ ला पंतप्रधान कॅमेरून सिरियावर हल्ल्याची परवानगी मागायला गेले आणि २८५ विरुद्ध २७२ नं हरले. त्यांच्याच पक्षाचे ३० खासदार विरोधात गेले. एकाचीही जागा गेली नाही. आपल्याकडं ते तीस जण घरी बसले असते. तेव्हा सर, अमेरिकेचा कायदा इथं जशाच्या तसा आणला तरी ते मतदान नसेल, हजेरी असेल.

नळदुर्गकर:
एवढे कायदे सांगायलेत, मग १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनाचा झेंडा कशाला फडकवता? १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून फौज आमच्या नळदुर्गावरून आत आली, तेव्हा कुणी मतदान घेतलं होतं? पटेल ठरावाची वाट बघत बसले असते तर निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी आणखी किती गावं जाळली असती? माझी आजी कडब्याच्या गंजीत लपून बसायची.

बीडकर_शेख:
आजी तुम्हालाही होती, मलाही. रझाकारांनी केलं ते केलंच, कुणी नाही म्हणत नाही. पण 'पोलीस ॲक्शन'च्या, म्हणजे त्याच फौजेच्या कारवाईच्या, नंतरचे दिवस कधी बोलणार? सुंदरलाल समिती खुद्द नेहरूंच्या सरकारनं चौकशीला पाठवली होती. तिचा अंदाज २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला. आमच्या घरातले तिघे त्या आठवड्यात गेले, त्यांची ना कबर ना कागद. सभागृहात कुणी उभं राहून हिशोब मागितला असता तर निदान नावं तरी लिहिली गेली असती.

नळदुर्गकर:
आलं का वळणावर! रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी कुठला होता? लातूरचा वकीलच ना?

बीडकर_शेख:
रझवी लातूरचा वकील होता. मी त्याचा वकील नाही.

परभणीकर:
😂 घ्या.

नळदुर्गकर:
हसायला काय झालं? तुमच्या घरचं कुणी जळालं नाही म्हणून हसू येतंय.

उदगीरचा_वकील:
दोघंही जरा थांबा. १९४८ ला राज्यघटना लागूच नव्हती, त्यामुळं कलमं काढून काही सिद्ध होत नाही. सभागृहात निवेदनं झाली, मतदान नाही, एवढं खरं. पण शेखभाईंनी सांगितलं ते मास्तरांच्या पोस्टमध्ये सुटलंय. आधी परवानगी द्यायची एवढंच संसदेचं काम नसतं. नंतर जाब कोण विचारणार?

गोदाकाठचा_मास्तर:
सुटलं नाही, त्यावरच येणार होतो, तुम्ही मध्येच नळदुर्ग जिंकायला गेलात. १९६२ बघा. चीनची फौज आत घुसलेली, वाजपेयींनी अधिवेशन मागितलं, आणि नेहरूंनी ८ नोव्हेंबरला ते भरवलं. युद्ध चालू असताना! एका खासदारानं सुचवलं की गुप्त बैठक घ्या, नेहरू नाही म्हणाले. दिवसच्या दिवस त्यांच्यावर टीका झाली. देश त्यानं बुडाला नाही. २०२५ च्या मे महिन्यात पाकिस्तानशी चार दिवस लढाई झाली. विशेष अधिवेशन मागितलं तर सर्वपक्षीय बैठकीवर भागवलं, चर्चा झाली जुलैच्या अखेरीस.

जालन्याचा_राजा:
झालाच शेवटी राजकारणाचा विषय. आणि १९६२ चं उदाहरण तुम्हीच देताय? ते युद्ध आपण हरलो, सर.

हिंगोलीचा_फौजी (निवृत्त):
बर्फात कॅनव्हासचे बूट घालून पाठवलं म्हणून हरलो. चर्चा झाली म्हणून नाही. बुटांचं आधी कुणी सभागृहात विचारलं असतं तर बरं झालं असतं.

जालन्याचा_राजा:
बरं मामा, बुटांचं मान्य. वकीलसाहेबांचं व्हिपचंही मान्य, घ्या. मग आधी युद्धाच्या मतदानाला व्हिप लागू नाही, एवढं विधेयक मांडा. आपल्या खासदाराला सांगा, शुक्रवारी दुपारी खासगी विधेयकं मांडतातच. १९७० नंतर त्यातलं एकही पास झालेलं नाही. शुभेच्छा.

उदगीरचा_वकील:
सरकारनं स्वतः आणलं तर होईल की.

जालन्याचा_राजा:
स्वतःच्या पायात बेडी घालणारं सरकार उदगीरला सापडलं तर कळवा.

नळदुर्गकर:
ते तुमचं चालू द्या. शेखभाई, तो सुंदरलालचा अहवाल आहे का तुमच्याकडं? इंग्रजी असला तरी पाठवा. वाचून शिव्या घालतो.