न्यू जर्सी गव्हर्नर प्रायमरी: कुठल्याच पक्षात नाही, तरी मत देता येतं का?

एडिसनची_मीरा (मे २०२५ अखेर):
नमस्कार मंडळी, मार्चमध्ये सिटिझन झाले, मतदार नोंदणीपण झाली, पण पक्षाच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. आता १० जूनला गव्हर्नरची प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) आहे, फिल मर्फींच्या सलग दोन टर्म संपतायत म्हणून ते उभे राहू शकत नाहीत, त्यामुळे खुर्ची मोकळी आणि डेमोक्रॅट्सकडून सहा आणि रिपब्लिकनकडून पाच असे अकरा जण! रोज मेलबॉक्समध्ये दोन-तीन चकचकीत पत्रकं पडतात, कालच्या एकावर तर उमेदवाराच्या फोटोपेक्षा विजेच्या बिलाचा आकडा मोठा होता. मला मत देता येईल का? आणि नवरा म्हणतो प्रायमरीत कशाला पडतेस, खरी निवडणूक नोव्हेंबरात आहे. बरोबर आहे का त्याचं?

बापू_पार्सिपनी:
मीराताई, येतं की. तुम्ही अनअफिलिएटेड, म्हणजे कुठल्याच पक्षात नोंद नसलेल्या आहात ना, मग मतदान केंद्रावर जाऊन सांगायचं डेमोक्रॅट की रिपब्लिकन, त्याच पक्षाची मतपत्रिका मिळते आणि तिथल्या तिथे त्या पक्षात नोंद होते. नको असेल तर नंतर फॉर्म भरून परत अनअफिलिएटेड होता येतं, मी दोनदा केलंय. ज्यांची आधीच एका पक्षात नोंद आहे त्यांना मात्र आता उडी मारता येणार नाही, ती मुदत प्रायमरीच्या ५५ दिवस आधीच संपते. ३ ते ८ जून अर्ली व्होटिंगपण आहे, गर्दी नको असेल तर तेव्हा उरकून टाका.

सुजाता_जेसी:
नवऱ्याचं अजिबात पटलं नाही मला. आपल्याकडे एबी फॉर्म पक्षश्रेष्ठी देतात, इथे तो आपण द्यायचा असतो, आणि तोच हक्क सोडून द्यायचा? आणि हे पद म्हणजे आपल्या राज्यपालांसारखं सह्यांपुरतं नाही हं. मुख्यमंत्र्यापेक्षाही जास्त जोर आहे, इथला अ‍ॅटर्नी जनरल निवडून येत नाही, गव्हर्नरच नेमतो, राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीशपण तोच नेमतो (सिनेटची मंजुरी लागते), बजेटमधली एखादी ओळ खोडायचा अधिकारसुद्धा आहे. शिवाय यंदा पहिल्यांदाच गव्हर्नरच्या प्रायमरीत काउंटी लाइन नाही. पूर्वी काउंटीतल्या (म्हणजे जिल्ह्यातल्या) पक्षाच्या पुढाऱ्यांच्या पसंतीचे सगळे उमेदवार वरपासून खालपर्यंत एका रांगेत छापायचे आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात, लोक त्याला बॅलटवरचा सैबेरिया म्हणायचे. २०२४ मध्ये सिनेटला उभे राहिलेले अँडी किम कोर्टात गेले म्हणून ते मोडलं, आता एका पदाची सगळी नावं एकाच चौकोनात. इतक्या वर्षांनी मोकळी निवड मिळतेय आणि आपण घरी बसायचं?

बापू_पार्सिपनी:
सुजाताताईंशी सहमत, पण डेमोक्रॅट्सच्या सहा जणांत मतविभागणी जबरदस्त होणार. इथे दुसरी फेरी नसते, ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकला, मग ती तीसच टक्के का असेनात. मी मिकी शेरिलना देणार, आमच्या भागाच्या काँग्रेसवुमन, नेव्हीत हेलिकॉप्टर चालवायच्या, आणि नोव्हेंबरात टिकाव धरतील असं मला मनापासून वाटतं. समोर रिपब्लिकन जॅक चिटरेलीच येणार, ट्रंपनी मे मध्ये त्यांना पाठिंबा दिल्यावर त्यांच्याच पक्षातल्या बिल स्पडेयांचं अवघड झालंय. चिटरेलींना हलक्यात घेऊ नका, २०२१ ला मर्फींकडून ३ टक्क्यांनीच हरलेत.

सुजाता_जेसी:
मी रास बराकांना. नुअर्कचे महापौर आहेत, डिलेनी हॉल या स्थलांतरितांच्या डिटेन्शन सेंटरबाहेर ९ मेला त्यांना अटक झाली, नंतर केस मागे घेतली. ज्या राज्यात आपल्यासारखे इतके लोक बाहेरून येऊन राहिलेत तिथे हे बघून मला गप्प बसवत नाही. आमचे जर्सी सिटीचे महापौर फुलप पण उभे आहेत, त्यांचंही काम पाहिलंय, पण यावेळी नाही.

विनय_होल्मडेल:
दुसरी बाजूपण ऐका. आठ वर्षं एकाच पक्षाचा गव्हर्नर, प्रॉपर्टी टॅक्स सरासरी १० हजार डॉलरच्या वर आणि १ जूनपासून वीज १७ ते २० टक्क्यांनी महागतेय. माझे आईवडील इथेच निवृत्त झालेत, घर फिटलंय तरी टॅक्सपायी विकावं लागेल की काय अशी चिंता आहे त्यांना. मी चिटरेलींना देणार. मीराताई, पक्ष कुठलाही निवडा पण जा.

एडिसनची_मीरा (जून):
जाऊन आले, रविवारीच, शेवटच्या अर्ली दिवशी. कुठला पक्ष विचारलं तेव्हा आवाज जरा कापला, सही केली आणि पाच मिनिटांत बाहेर. खूप विचार करून बराकांना दिलं, ते दुसरे आले. शेरिलताई साधारण ३४ टक्क्यांवर जिंकल्या, बापू म्हणाले तसंच झालं, म्हणजे दर तिघांतल्या दोघांनी दुसऱ्या कुणाला दिलं होतं. तिकडे चिटरेली एकतर्फी. विनय, विजेचं बिल आमचंही वाढलंय, त्यामुळे नोव्हेंबरला दोघांचं नीट ऐकून ठरवणार. सासूबाई सिटिझन होऊन सहा वर्षं झाली पण कधी मत दिलं नव्हतं, काल त्यांचा नोंदणीचा फॉर्म भरला. ४ नोव्हेंबरला दोघी जाणार आहोत, नवरा गाडी चालवणार.