वायपरची मोटर बदलायच्या आधी लिंकेज सोडवून बघा

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा वायपर रडत चालत असेल तर सरळ मारुती ८०० ची मोटर टाका असा सल्ला काहीजण देतात, तो मला तरी पटत नाही. दोष बऱ्याचदा मोटरमध्ये नसतोच. आधी लिंकेज (मोटरची हालचाल वायपरपर्यंत नेणाऱ्या दांड्या) मोटरपासून सोडवा आणि मोटर नुसती चालवून बघा, मोकळी झपाझप फिरली तर ती बहुतेक ठणठणीत आहे. मग स्पिंडल, म्हणजे वायपरचा आर्म ज्यावर बसतो तो दांडा, हाताने फिरवून बघा, इतक्या वर्षांचं ग्रीस आत सुकून पार मेणासारखं झालेलं असतं. आमच्या गाडीत हेच होतं, रॉकेलने धुवून नवीन ग्रीस भरलं आणि जुन्याच मोटरवर वायपर सुरळीत चालायला लागला. जाम स्पिंडलवर ताकदीची मोटर लावली तर जोर सगळा लिंकेजवर येतो, सांध्यांतले बुश नाहीतर आर्मचे दाते झिजतात, आणि हे पार्ट आता मिळवायचे म्हणजे जुन्या बाजारात वणवण.

अजून एक, अर्थिंगही (मोटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतची जोडणी) तपासा. वायपर चालू ठेवून मल्टीमीटर मोटरची बॉडी आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये लावा, अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थ खराब, तिथला रंग-गंज खरवडून नीट वायर टाका. आणि हे सगळं करताना काच ओली ठेवा प्लीज, कोरड्या काचेवर रबर आणि मोटर दोन्हीचे हाल होतात.