मदत हवी आहे: फ्रॅपे एचआरमध्ये कर्मचाऱ्यांच्या माहितीतले दरमहाचे बदल आपोआप कसे करावेत?

पगारपत्रक

नमस्कार मंडळी,

चाकण आणि वाळूज अशी दोन युनिटं आहेत, मिळून सहाशेच्या आसपास कायम कर्मचारी. फ्रॅपे एचआर (कर्मचाऱ्यांच्या नोंदी आणि पगाराचं सॉफ्टवेअर), आवृत्ती १५, कंपनीच्याच सर्व्हरवर. दर महिन्याला साठ-सत्तर बदल येतात: मोबाइल, पत्ता, बँक खातं, विभाग, रिपोर्टिंग, शिफ्ट. सध्या कागदी फॉर्म भरून घेतात, ते एक्सेलमध्ये चढवतात आणि मग एकेक नोंद उघडून हाताने बदलतात. हे हातकाम कमी करायचं आहे. चार गोष्टी अडल्या आहेत.

१. डेटा इम्पोर्ट (फाइलमधून नोंदी एकदम चढवणं) वापरावं की एपीआय (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला थेट माहिती देण्याची सोय)?
२. इम्पोर्टनंतर काही खाते क्रमांक आणि यूएएन (पीएफचे क्रमांक) चुकीचे दिसतात. फाइलमध्ये मात्र बरोबर दिसत होते.
३. 'पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून बदली' असे बदल आधी भरून ठेवता येतील का?
४. शाखेच्या नावात अजून 'औरंगाबाद' आहे. ते सगळीकडे बदलायचं आहे.

प्रोग्रॅमिंग जेमतेम येतं. सर्व्हर सांभाळणारा माणूस आहे, पण अर्धवेळ.

---

कोष्टक

दुसऱ्या प्रश्नापासून घेतो. बाकीचं कितीही चांगलं बसवलंत तरी हे सुटल्याशिवाय उपयोग नाही.

दोष फ्रॅपेचा नाही, आकडे एक्सेलमध्येच बिघडतात. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ अंकच धरून ठेवतं, पुढच्या जागी शून्य टाकतं. स्टेट बँकेचा ११ अंकी किंवा एचडीएफसीचा १४ अंकी क्रमांक त्यातून सुटतो. पंजाब नॅशनल बँकेचा १६ अंकी क्रमांक टाइप केलात की शेवटचा अंक गेलाच. यूएएन आणि आधार १२ अंकी. जनरल फॉरमॅटच्या कप्प्यात ते १.२३ई+११ असे दिसतात, आणि तसंच सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) म्हणून सेव्ह केलं की फाइलमध्येही तेच उतरतं. मूळ आकडा मग कुठूनच परत येत नाही. सुरुवातीची शून्यं उडतात ती वेगळीच. पंचिंग मशीनचा कोड ००४२५ असेल तर त्याचा ४२५ होतो आणि त्या माणसाची हजेरी लागत नाही.

उपाय:

– सीएसव्ही डबल क्लिक करून कधीही उघडू नका. एक्सेलची कोरी वही (वर्कबुक) उघडा, डेटा मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि सगळे स्तंभ 'टेक्स्ट' करून आत आणा. आकडा आधी बिघडलेला असेल तर नंतर टेक्स्ट करून काही होत नाही.
– नव्या एक्सेलमध्ये ऑप्शन्स, डेटा, 'ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन' इथल्या खुणा काढता येतात. फॉर्म चढवणाऱ्या प्रत्येकाच्या मशीनवर काढा.
– तारखा २०२५-०४-०३ अशा, वर्ष आधी. ०३/०४/२०२५ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च हे मशीनच्या सेटिंगवर ठरतं. १२ च्या पुढचे दिवस अडकतात म्हणून लक्षात तरी येतात, १२ पर्यंतचे गुपचूप उलटतात.
– नावं किंवा पत्ते देवनागरीत असतील तर 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणूनच सेव्ह करा. साध्या सीएसव्हीत सगळी प्रश्नचिन्हं होतात.

आता इम्पोर्टबद्दल. प्रकार 'अपडेट एक्झिस्टिंग रेकॉर्ड्स' निवडा. टेम्प्लेट कोरा न घेता 'फिल्टर्ड रेकॉर्ड्स' निवडून उतरवा, म्हणजे आयडीचा स्तंभ भरून येतो. जुळणी आयडीवरच करायची. नाव किंवा मोबाइल यांवर जुळवाल तर एका नावाची दोन माणसं निघतातच.

फाइलमध्ये आयडी आणि जो बदलायचा तेवढाच स्तंभ ठेवा. मोबाइलची फाइल वेगळी, विभागाची वेगळी. रिकाम्या कप्प्याचा अर्थ 'बदल नाही' असाच घेतला जाईल, या भरवशावर राहू नका.

विभाग भरताना 'प्रॉडक्शन' एवढं पुरत नाही. विभागाच्या आयडीला कंपनीचं लघुरूप जोडलेलं असतं, ते पूर्ण लिहावं लागतं. सर्वात जास्त ओळी याच कारणाने नापास होतात. नापास ओळी 'एक्स्पोर्ट एरर्ड रोज' या बटणाने वेगळ्या काढा आणि तेवढ्याच दुरुस्त करून पुन्हा चढवा.

---

रात्रपाळी

वरच्या प्रतिसादाला +१. पण एक मूलभूत मुद्दा राहतोय. तुमच्या यादीतले बदल एका जातीचे नाहीत, तेव्हा सगळ्यांना एकच वाट काढू नका.

मोबाइल, पत्ता, तातडीचा संपर्क: यांना 'कधीपासून' नसतं. नवं आलं की जुनं पुसायचं. खुशाल इम्पोर्ट करा.

विभाग, हुद्दा, शाखा: यांना तारीख असते आणि इतिहास लागतो. ते कर्मचाऱ्याच्या नोंदीवर थेट इम्पोर्ट केलेत तर तो माणूस मार्चमध्ये कुठे होता हे नीट सांगता येणार नाही. यासाठी 'एम्प्लॉयी ट्रान्सफर' आणि 'एम्प्लॉयी प्रमोशन' हे दस्तऐवज आहेत. सबमिट केल्यावर मूळ नोंद बदलते आणि कंपनीतल्या कामाच्या इतिहासात ओळ पडते. दोन्ही युनिटं एकाच कंपनीखाली असतील तर ट्रान्सफरमधल्या 'क्रिएट न्यू एम्प्लॉयी आयडी' या चौकटीत खूण करू नका. नाहीतर एकाच माणसाच्या दोन नोंदी होतील आणि रजेची शिल्लक जुन्या नोंदीवर अडकेल.

इथेच तुमचा तिसरा प्रश्न येतो. बदलीची तारीख उजाडण्याआधी ट्रान्सफर सबमिट होत नाही, सॉफ्टवेअर चूक दाखवून थांबवतं. तेव्हा महिनाभर मसुदे करून ठेवायचे आणि ज्या दिवशी तारीख येईल त्या दिवशी सबमिट करायचे. मसुदे इम्पोर्टनेही चढवता येतात, 'इन्सर्ट न्यू रेकॉर्ड्स' वापरून. रोज पहाटे 'तारीख आजची किंवा मागची आणि अजून मसुदा' असे दस्तऐवज शोधून सबमिट करणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली की झालं. तुमचा सर्व्हरवाला ते सहज करेल. आवृत्ती १५ मध्ये सर्व्हर स्क्रिप्ट मुळात बंद असते, ती बेंचच्या (फ्रॅपे सांभाळायच्या सर्व्हरवरच्या साधनाच्या) कॉन्फिगमधून चालू करायला त्याला सांगा.

शिफ्टसाठी कर्मचाऱ्याच्या नोंदीतली 'डिफॉल्ट शिफ्ट' दर आठवड्याला बदलत बसू नका. पाळी फिरती असेल तर 'शिफ्ट असाइनमेंट', सुरुवात आणि शेवट अशा दोन्ही तारखांसह.

रिपोर्टिंग बदलताना क्रम पाळा. कुणाला 'लेफ्ट' (नोकरी सोडली) करायचं आणि त्याच्या हाताखाली अजून माणसं दिसत असतील, तर सॉफ्टवेअर नकार देतं. आधी त्याची माणसं दुसऱ्याकडे वळवा, मग कार्यमुक्तीची तारीख भरा, मग स्थिती बदला. एकाच फाइलमध्ये तिन्ही कोंबू नका.

चौथा प्रश्न सोपा आहे. शाखेच्या नावासाठी सहाशे नोंदी बदलायच्याच नाहीत. शाखेची स्वतःची नोंद उघडून 'रिनेम' करा, जिथे जिथे ती जोडलेली आहे तिथे नाव आपोआप बदलतं. जुन्या दस्तऐवजांतही बदलतं हे मात्र ध्यानात ठेवा. शहराचं नाव बदललं तेव्हा हे चालतं. दोन विभाग एकत्र केले असतील तर चालत नाही, तिथे नवा विभाग काढून ट्रान्सफरच करायची. पत्त्यातला मजकूर रिनेमने बदलत नाही, तो इम्पोर्टनेच. आणि तिथे सरसकट शोधा-बदला करू नका. आधार किंवा पासबुकावरचा पत्ता जसाच्या तसा लागतो अशा रकान्यांना हात लावू नका.

---

पगारपत्रक

कोष्टक, रात्रपाळी, दोघांचे आभार. ट्रान्सफरचे मसुदे ही वाट पटली. बँक खात्याचं कुणी सांगेल का? ते मोबाइलच्या गटात टाकावं की वेगळं? आणि मधला कागदी फॉर्म काढायचा तर काय करावं?

---

अर्धाधनादेश

वेगळंच. बँक खात्याचा बदल पूर्ण आपोआप कधीही करू नका. 'माझं खातं बदललं आहे' असा कर्मचाऱ्याच्या नावाने खोटा ईमेल पाठवून पगार पळवणं हा जुना प्रकार आहे. स्वयंचलित व्यवस्थेत तर कुणी बघणाराच नसतो.

साधारण असं ठेवा. अर्ज कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या लॉगिनमधूनच, सोबत रद्द केलेला धनादेश किंवा पासबुकाचं पहिलं पान. तपासणारा एक, मंजूर करणारा दुसरा, आणि मंजुरी देणारा लेखा विभागातला. सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची, अर्जातल्या नंबरवर नाही. त्याच महिन्यात मोबाइल आणि खातं दोन्ही बदलायला आलं असेल तर थांबा आणि त्या माणसाला समोर बोलवा. मंजुरीनंतर १ रुपया पाठवून खातेदाराचं नाव जुळतं का ते पाहा. २० तारखेनंतर आलेले अर्ज पुढच्या महिन्यात. पगाराच्या स्लिपा बनल्यावर खातं बदललं तर बँकेच्या फाइलमध्ये जुनाच क्रमांक जाऊ शकतो, म्हणून स्लिपा काढण्याआधी हे दार बंद झालेलं हवं.

आयएफएससीची (बँकेच्या शाखेच्या कोडची) तपासणी मशीनवर सोडा: एकूण ११ अक्षरं, पहिली चार रोमन अक्षरं, पाचवं नेहमी शून्य, पुढची सहा शाखेची. शून्याच्या जागी 'ओ' ही सर्वात नेहमीची चूक. ढाचा बरोबर असूनही कोड मेलेला असू शकतो. देना आणि विजया बँकेचे जुने कोड १ मार्च २०२१ पासून बंद आहेत, सिंडिकेटचे १ जुलै २०२१ पासून. विदर्भ कोकण ग्रामीण बँकही १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. अशा खात्यांची यादी काढून कर्मचाऱ्यांकडून नवं पासबुक मागवा.

---

डेटाघिसाडी

कागदी फॉर्मच्या जागी एक नवा डॉकटाइप (फ्रॅपेतला नोंदीचा प्रकार) करा: 'माहिती बदल अर्ज'. रकाने इतकेच: कर्मचारी, कोणती माहिती (ठरावीक यादीतून), जुनं मूल्य (आपोआप भरलेलं), नवं मूल्य, कधीपासून, पुरावा, 'लागू झालं का'. त्यावर वर्कफ्लो (मंजुरीचे टप्पे): मसुदा, तपासला, मंजूर, नामंजूर. मंजूर झाला की स्क्रिप्ट कर्मचाऱ्याची नोंद उघडते, तेवढा एक रकाना बदलते, सेव्ह करते आणि अर्जावर 'लागू' अशी खूण करते. खूण असलेल्या अर्जाला पुन्हा हात लावत नाही, त्यामुळे स्क्रिप्ट चुकून दोनदा चालली तरी बिघडत नाही.

स्क्रिप्टमध्ये डेटाबेसमध्ये थेट मूल्य लिहिणारी सोपी पद्धत टाळा. ती भराभर चालते, पण तपासण्या वगळते आणि बदलाची नोंदही राहत नाही. दस्तऐवज उघडून सेव्ह करणारीच वापरा. कर्मचाऱ्याच्या डॉकटाइपवर 'ट्रॅक चेंजेस' चालू आहे का ते आधी बघा.

एवढं केलंत तर एपीआयची गरजच उरत नाही. बाहेरून माहिती येत असेल, उदाहरणार्थ कंत्राटदाराच्या पोर्टलवरून, तरच ते घ्या. त्यासाठी वेगळा वापरकर्ता काढा आणि फक्त लागतील तेवढे अधिकार द्या. ॲडमिनिस्ट्रेटरची एपीआय-की कुणाच्याही हातात देऊ नका. त्या कीसोबतचं सीक्रेट (पासवर्डसारखी गुप्त खूण) एकदाच दिसतं, तेव्हाच जपून ठेवा. सर्व्हरच्या उत्तरात ४१७ हा कोड आला तर माहिती तपासणीत नापास झाली (बहुतेक विभागाचं नाव), ४०३ आलं तर अधिकार नाहीत. या दोन्हीत तीच विनंती पुन्हा पुन्हा पाठवून काही होणार नाही.

---

रात्रपाळी

अर्जाच्या यादीत जन्मतारीख, लिंग आणि नाव घालू नका. हे बदल यूएएन आणि आधारशी जुळवूनच करावे लागतात. शिवाय महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही, त्यामुळे लिंगाचा रकाना चुकला की कपात चुकते.

पगारवाढीचे बदलही आपोआप करणार असाल तर ईएसआयकडे (कर्मचारी राज्य विमा) बघा. पगार २१,००० च्या वर गेला म्हणून त्याच महिन्यात कपात थांबत नाही. एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, जो कालखंड चालू असेल तो संपेपर्यंत ती चालू ठेवावी लागते. नुसती '२१,००० पेक्षा कमी' अशी अट लावलेली असेल तर ती मधेच बंद पडेल.

---

पगारपत्रक

शेवटचा प्रश्न. एखादी फाइल पूर्ण चुकीची चढली तर मागे कसं फिरायचं?

---

कोष्टक

इम्पोर्टला 'अनडू' नाही. म्हणून दर वेळी चढवण्याआधी त्याच आयडींची, त्याच स्तंभांची सध्याची मूल्यं उतरवून तारखेच्या नावाने ठेवा. चुकलं तर तीच फाइल परत चढवायची. मात्र मधल्या वेळात कुणी हाताने दुरुस्त्या केल्या असतील तर त्याही पुसल्या जातील, तेव्हा बदलांची नोंद बघून त्या ओळी आधी काढून टाका. ट्रान्सफर चुकली तर ती रद्द करा, जुना विभाग आणि शाखा परत येतात. आणि पहिली फाइल आधी टेस्ट साइटवर चढवा, मग खऱ्या साइटवर पाच ओळी, त्या डोळ्यांनी तपासून झाल्या की बाकीच्या. आधार क्रमांक असलेल्या जुन्या फाइली ईमेलमध्ये फिरवू नका, सर्व्हरवरच ठेवा आणि पगार वाटून झाला की काढून टाका.