डिप्लोमा सिव्हिल म्हणजे 'शिकलेला मुकादम'?

ओळंबा :
परवा भाच्याचा_मामा यांनी विचारलं होतं, दहावीला ७८ टक्के आहेत, पॉलिटेक्निकला सिव्हिल घ्यावं का. त्यावर बीई_सिव्हिल यांचं उत्तर : 'डिप्लोमा सिव्हिल म्हणजे शिकलेला मुकादम. क्यूब (काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे) भरा, स्टाफ (लेव्हलची मोजपट्टी) धरा, शिव्या खा. त्यापेक्षा अकरावी सायन्स बरं.' तेव्हा गप्प बसलो. पण दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

मी १६ वर्षं हा शिकलेला मुकादमच आहे. एक स्लॅब सांगतो. तिसरा मजला, एम २५ प्रतीचं काँक्रीट. आरएमसीची (प्लांटवरून तयार येणाऱ्या काँक्रीटची) ६ क्यूबिक मीटरची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा आली, माल घट्ट झालेला. पंपवाला बोंबलतोय, ड्रायव्हरने सरळ ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडला. मी तिथंच हिशोब केला. क्यूबिकला ३२० किलो सिमेंट, पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५० ने १६० लिटर पाणी, म्हणजे गाडीत ९६० लिटर. वरून १०० लिटर ओतलं की गुणोत्तर ०.५५ वर जातं आणि काँक्रीट कमजोर होतं. पाइप खेचून काढला आणि गाडी परत पाठवली. बीई साहेब तेव्हा एसी ऑफिसात बारचार्ट (कामाचं वेळापत्रक) रंगवत होते. संध्याकाळी मलाच झापलं, 'गाडी परत पाठवायचा अधिकार तुला दिला कोणी?'

माझं दुखणं एवढंच आहे. माल डोळ्यांनी बघणार आम्ही, आणि नाही म्हणायचा अधिकार तिथं नसलेल्या माणसाला.

बीई_सिव्हिल :
तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. १६ वर्षांनंतरही गाडी परत पाठवायला परवानगी लागते, मग त्या पोराने त्याच खड्ड्यात का उडी मारायची? एसीचं म्हणाल तर पहिली ३ वर्षं मी हायवेच्या कामावर पत्र्याच्या कंटेनरमध्ये काढलीत, विदर्भातले मे महिने धरून. आणि गाडी परत कशाला? प्लांटला फोन करून अ‍ॅडमिक्श्चरचा (माल सैल करणाऱ्या रसायनाचा) डोस मारून घ्यायचा, पुन्हा स्लंप (माल किती सैल आहे ते) बघायचा. पाणी घालू नये, एवढं मात्र मान्य.

बाय द वे, त्या स्लॅबला क्युरिंग (ओलं ठेवणं) किती दिवस केलंत? आयएस ४५६ या काँक्रीटच्या कोडप्रमाणे ७ पुरतात.

ओळंबा :
पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं सिमेंट) होतं. १० केलं. ७ पुरत नाहीत. डिग्रीत हे शिकवत नाहीत वाटतं.

बीई_सिव्हिल :
कोडमध्ये ७ लिहिलंय. वाचता येतं ना?

निवृत्त_शाखा_अभियंता :
दोघेही पान उघडा. ७ दिवस साध्या सिमेंटला, म्हणजे ओपीसीला. पीपीसीला कमीत कमी १०. हवा कोरडी आणि तापलेली असेल तर ओपीसीलाही १०, पीपीसीला १४ पर्यंत न्या म्हटलंय. सोलापूरला एप्रिलमध्ये आम्ही स्लॅबवर आळी बांधून पाणी साठवायचो, कॉलमला गोणपाट गुंडाळायचो. हल्ली पाणी उडू नये म्हणून पांढरं कंपाउंड फवारतात आणि फोटो काढून घरी जातात.

माणदेशी :
काका, आमच्याकडे उन्हाळ्यात प्यायला टँकर येतो. १४ दिवस स्लॅबवर तळं कुठून करू? कंपाउंडला नावं ठेवणं सोपं आहे.

निवृत्त_शाखा_अभियंता :
मग पावसाळा संपल्यावर टाका स्लॅब. घाई कोणाला असते, बिल काढायची.

माणदेशी :
घरमालकाला असते. तो भाड्याच्या खोलीत राहतोय. तुमचा पगार १ तारखेला होत होता, म्हणून तुम्हाला ऋतू बघता आले.

लेव्हलवाली :
स्लॅबच्या पाण्यावर एवढं रामायण? मी डिप्लोमा, ९ वर्षं साइटवर. सकाळी ८ ते संध्याकाळी ५ मी पाणीच पीत नाही, कारण जायला जागा नाही. दोनदा मूतखड्यासाठी दवाखाना झालाय. मुकादम की इंजिनीअर, हे तुम्ही ठरवत बसा.

निवृत्त_शाखा_अभियंता :
१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात (२०२५ पर्यंत लागू) कलम ३३ होतं. साइटवर संडास-मुतारी देणं मालकावर बंधनकारक आहे.

लेव्हलवाली :
कलम पाठ आहे काका. दरवाजा दाखवा. तुमच्या काळात तुम्ही किती कंत्राटदारांची बिलं त्यासाठी अडवलीत?

निवृत्त_शाखा_अभियंता :
एकाचंही नाही. खरं तेच सांगतो.

वेटिंग_लिस्ट :
माझंही ऐका. 'स्थापत्य अभियांत्रिकी सहाय्यक' हे सरकारी पद दहावी आणि वर्षभराचा कोर्स केलेल्यांसाठी आहे, असं समजून मी तयारी केली. परीक्षेला शेजारी कोण? एमटेक झालेला. आम्ही मुकादम, आमचं काम हमाली, पण जाहिरात निघाली की फॉर्म भरायला सगळे पुढे. बीई_सिव्हिल, तुम्ही भरला होता का हो?

बीई_सिव्हिल :
विषय तो नाहीये.

वेटिंग_लिस्ट :
म्हणजे भरला होता.

बीई_सिव्हिल :
भरला होता. लागलं नाही. झालं समाधान? बीई होऊन पहिला पगार जेवढा मिळाला, त्याच्या वरती त्या पदाचं वेतन होतं, म्हणून भरला. आणि म्हणूनच त्या पोराला सिव्हिल नको म्हणतोय, डिप्लोमाही नको आणि डिग्रीही नको.

ओळंबा :
हे परवाच लिहिलं असतं तर मी उत्तर दिलंच नसतं. तुम्ही 'मुकादम' लिहिलंत. आणि मुकादम ही काय शिवी आहे? स्लॅबच्या आदल्या रात्री कव्हर ब्लॉक (सळईखालचे ठोकळे) कुठे निसटलेत, हे मला ज्याने बघायला शिकवलं तो मुकादमच होता. सातवी पास.

भाच्याचा_मामा :
मंडळी, कॅप राउंडचे (पॉलिटेक्निकच्या केंद्रीय प्रवेशाचे) पर्याय भरायची उद्या शेवटची तारीख आहे. काय भरू?

ओळंबा :
मुलाला उन्हात उभं राहायला आवडत असेल तर सिव्हिलच भरा. सुट्टीत एखाद्या साइटवर १५ दिवस पाठवा, कळेल. डिप्लोमानंतर थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतंच.

बीई_सिव्हिल :
म्हणजे शेवटी डिग्रीच. आभारी आहे.

ओळंबा :
आधी १० म्हणा.

बीई_सिव्हिल :
पीपीसीला १०. ओपीसीला ७च.