खाणपट्ट्यातील गावांनी खाणीशिवाय पोट कसे भरावे?

प्रश्न – धारबांदोडावासी

सर्वोच्च न्यायालयाने 7 फेब्रुवारी 2018 रोजी गोव्यातील लोहखनिजाच्या 88 खाणपट्ट्यांचे (उत्खननासाठी भाड्याने दिलेल्या जमिनींचे) दुसरे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून उत्खनन थांबले. त्याआधी सप्टेंबर 2012 मध्येही ते बंद पडले होतेच. ज्यांनी शेती पडीक टाकून कर्जावर ट्रक घेतले, त्यांचे ट्रक अंगणात गंजू लागले. गॅरेज, टायरची दुकाने आणि चहाचे गाडे पाठोपाठ बसले. आता लिलावातून काही पट्टे पुन्हा सुरू होत असल्याने ‘खाण आली की सगळे सुरळीत होईल’ ही भाषा परत ऐकू येते. परंतु खनिज कधीतरी संपणारच. म्हणून विचारतो, की खाण असो वा नसो, गावाचे उत्पन्न टिकावे यासाठी प्रथम कोणते काम हाती घ्यावे?

उत्तर – कुळागरकार, सत्तरी

प्रथम गाळ काढावा. आपल्याकडे टनभर खनिजासाठी त्याच्या दुप्पट-तिप्पट माती उपसली गेली, तिचे डंप उतारावर उभे राहिले आणि दर पावसाळ्यात त्यातील तांबडा गाळ ओहोळातून थेट शेतात उतरला. पिसुर्लेच्या शेतकऱ्यांची तक्रार वर्षानुवर्षे हीच आहे. गाळाचा थर सुकला की त्यावर कठीण कवच धरते आणि भाताचे मूळ खाली जात नाही. अशा जमिनीच्या मालकाला बियाणे आणि अनुदान देऊन उपयोग काय?

दुसरी गोष्ट पाण्याची. खाण भूजलपातळीच्या खाली गेली, पंप अहोरात्र चालले, आणि शिरगावसारख्या गावांतील विहिरी आटल्या. पंप थांबल्यावर तेच खंदक पाण्याने भरतात. हे पाणी लोह व मँगनीजसाठी तपासून, योग्य असल्यास पाटाने खाली आणले, तर पावसाळी सरद पिकानंतर वायंगणाचे, म्हणजे पावसाळ्यानंतरचे, भात घेता येते आणि सुपारीच्या कुळागराला (बागेला) उन्हाळ्यात ओल मिळते. डंपवर सरसकट ऑस्ट्रेलियन बाभळी लावून हिरवा रंग दाखवण्याची पद्धत मला पटत नाही; जिथे माती धरून ठेवता येईल, तिथे काजू का लावू नये?

उत्तर – जमाखर्च

पैसा कुठून आणायचा, हे कुळागरकारांनी सांगितले नाही. खनिज कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज फाउंडेशन, म्हणजे खाणबाधित भागासाठीचा निधी, अस्तित्वात आले. जुन्या पट्ट्यांना रॉयल्टीच्या 30 टक्के आणि लिलावाने दिलेल्या पट्ट्यांना 10 टक्के इतकी रक्कम त्यात भरावी लागते. मूळ मार्गदर्शक सूचनांनुसार किमान 60 टक्के आणि 2024 च्या सुधारित सूचनांनुसार किमान 70 टक्के खर्च पिण्याचे पाणी, पर्यावरण, आरोग्य, शिक्षण, कौशल्यविकास अशा अग्रक्रमाच्या कामांवर व्हायला हवा. व्यवहारात मात्र सभागृह आणि रस्ता यांचेच प्रस्ताव पुढे सरकतात, कारण त्यांची अंदाजपत्रके तयार असतात. गाळ काढण्याचे अंदाजपत्रक ग्रामसभेने सर्व्हे क्रमांकांसह स्वतःच मांडले, तर ते बाजूला सारणे अधिकाऱ्यांना जड जाते. शिवाय खाण बंद करण्याचा आराखडा पट्टेदारालाच द्यावा लागतो. त्याची प्रत मागून घ्यावी आणि डंप स्थिर करण्याचा खर्च लोकनिधीवर पडू देऊ नये.

उत्तर – माजी ट्रकमालक, सांगे

दोघांचेही म्हणणे मान्य आहे, पण त्यात मी कुठे बसतो, ते दिसत नाही. माझ्याकडे जमीन नाही, आम्ही मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर बांधून राहणारे. भाताच्या एका हंगामातून बँकेचा हप्ता सुटत नाही, हे शेतकरीही कबूल करील. कोलारच्या सोन्याच्या खाणी 28 फेब्रुवारी 2001 रोजी बंद झाल्या, तेव्हापासून तेथील कितीतरी कामगारांची मुले पहाटेची रेल्वे धरून बंगळुरूला कामाला जातात. गाव राहिले, पण राहण्यापुरतेच. आपल्याकडेही मुले वेर्ण्याच्या कारखान्यांकडे वळली आहेत. त्यामुळे भूमिहीनांसाठी वेगळा विचार हवा.

उत्तर – कुळागरकार, सत्तरी

आपला आक्षेप रास्त आहे. गाळ काढणे, बांध घालणे, डंपच्या पायथ्याशी दगडी अडसर उभारणे ही कामे यंत्राची आणि वाहतुकीचीच आहेत, आणि टिप्पर व चालक खाणपट्ट्यात आधीच उपलब्ध आहेत. म्हणून निविदेतच स्थानिक ट्रकमालकांच्या सहकारी संस्थेला प्राधान्य देण्याची अट ग्रामसभेने मागावी. मात्र ही कामे काही हंगामांत संपतील, तेव्हा पाणी आलेल्या कोमुनिदादच्या (गावकीच्या सामाईक मालकीच्या) पडीक जमिनी भूमिहीनांना गटाने कसायला देण्याचा प्रश्न त्याच बैठकीत काढलेला बरा. पाऊस जूनमध्ये सुरू होतो, त्यामुळे हे प्रस्ताव ऑक्टोबरच्या ग्रामसभेत गेले, तरच उन्हाळ्यात कामाला हात लागेल.