नेढ्यातून दिसलेले डोंगर : आपापले अनुभव लिहावेत

आज सकाळी आईने सुईत दोरा ओवून मागितला आणि दोन-तीनदा नेढे चुकल्यावर मला एकदम रतनगडाचे नेढे, म्हणजे कातळाला आरपार पडलेले भोक, आठवले. जुना अल्बम काढून पाहिला, तर १९९८ सालचे ते सहा फोटो अजून तसेच चिकटवलेले आहेत. रतनवाडीहून शिड्यांच्या वाटेने आम्ही वर गेलो होतो. कॅमेरा मामाचा, रोल छत्तीस फोटोंचा एकच आणि त्यातले तीस फोटो अमृतेश्वराच्या देवळापाशीच संपवलेले, त्यामुळे नेढ्यात बसल्यावर उरलेले सहा मी फार जपून काढले. वारा इतका होता की टोपी दातांत धरावी लागली. समोर अलंग, मदन आणि कुलंग हे डोंगरी किल्ले लख्ख दिसत होते. पण रोल धुऊन आला तेव्हा कातळावरचा प्रत्येक खवला नीट उमटला होता आणि नेढ्याच्या जागी नुसता पांढरा कागद होता. आईने विचारले होते, "अरे, पण यात डोंगर कुठे आहे?"

आपलेही अनुभव लिहावेत. फसलेले आधी.

कातळवाट
फसण्याचे कारण साधे आहे. चौकटीचा बराचसा भाग काळ्या कातळाने व्यापलेला असला की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर त्या काळोखालाच प्रमाण मानतो आणि बाहेरचा उजेड हाताबाहेर जातो. मी नेढ्याच्या बाहेर हात काढून समोरच्या डोंगरावर मोजमाप घेतो, ते आकडे कायम ठेवतो आणि मगच मागे सरकतो. कातळ काळा पडतो, तो पडू द्यावा.

राजगडाच्या सुवेळा माचीवरच्या नेढ्यात मात्र ही विद्या कामी आली नाही. माची पूर्वेकडे गेलेली असल्यामुळे सकाळचे ऊन तिरके येऊन नेढ्याची एकच कड उजळते, आणि त्या कडेसाठी मी पहाटेच जाऊन बसलो होतो. ऊन आले, कड उजळली, आणि त्याच उजेडात डोक्यावरचे आग्या मोहोळ दिसले. पिशवी तिथेच ठेवून मी चार पायांवर खाली आलो. पिशवी दुपारी गावातल्या एका काकांनी आणून दिली आणि चहाही त्यांनीच पाजला.

रानजाई
कातळवाट, फोटो निघाला का?

कातळवाट
एक निघाला. त्यात कड नाही, मोहोळ आहे.

दुपारचा चहा
मोबाइलवाल्यांची अडचण उलटी आहे. फोन आपल्या मनाने कातळही उजळतो आणि आभाळही गडद करतो, त्यामुळे नेढे हे नेढे न वाटता भिंतीवर लावलेला फ्लेक्स वाटते. आभाळावर बोट दाबून धरावे आणि उजेड कुलूपबंद करावा, एवढे मला माझ्या मुलीने शिकवले. नेढ्याच्या बरोबर मधोमध उभे राहून दोन्ही हात पसरणाऱ्या मित्राचे काय करायचे, ते तिलाही ठाऊक नाही.

सातासमुद्रापार
युटामधल्या आर्चेस नॅशनल पार्कात नॉर्थ विंडो नावाच्या कमानीतून टरेट आर्च दिसते, म्हणजे नेढ्यातून दुसरे नेढे. सूर्योदयाच्या आधी तिथे तिपाया लावून माणसे दाटीवाटीने उभी असतात. दगड तांबूस वालुकाश्म असल्यामुळे उजेड पडताच चौकटही पेटते, आपल्या बेसाल्टसारखी काळी राहत नाही. मला आपली काळीच आवडते. नजर थेट बाहेर जाते.

रानजाई
मी इर्शाळगडाच्या नेढ्याला तीनदा गेले. पहिल्या दोन वेळी धुके होते, तिसऱ्या वेळी मोरबे धरणाचे पाणी नेढ्यातल्या चौकटीत अगदी हवे तसे बसले. जाता-येता इर्शाळवाडीत एका घरी पाणी प्यायलो होतो आणि त्या आजींनी न मागता नाचणीची भाकरी वाढली होती. २०२३ च्या जुलैत वाडीवर दरड कोसळली, तेव्हा रात्री सगळे फोल्डर उघडून पाहिले. नेढ्याचे तेवीस फोटो आहेत. त्या अंगणाचा एकही नाही.

दुपारचा चहा
रानजाई, वाचून थांबलो.

जुना रोल
धागाकर्त्यांना एक विचारायचे आहे. तुमच्याजवळ त्या रोलची निगेटिव्ह आहे का? रंगीत निगेटिव्ह जास्तीचा उजेड बऱ्यापैकी सोसते. पुष्कळदा डोंगर फिल्मवर उतरलेला असतो, पण कातळ दिसावा म्हणून लॅबचे यंत्र प्रिंट फिकट काढते. निगेटिव्हवर उजेड काळा उमटतो, म्हणून जो भाग सर्वांत काळा दिसेल, तिथेच तुमचे आभाळ आणि डोंगर आहेत. पट्टी उजेडासमोर धरून पाहा.

धागाकर्ता
उशिरा लिहितो आहे. निगेटिव्हची पट्टी अल्बमच्या मागच्या खिशात सापडली आणि आज स्कॅन करून आणली. सहापैकी चार फोटोंत अलंग, मदन आणि कुलंग आहेत. धुरकट आहेत, दाणेदार आहेत, पण आहेत. आईला पडद्यावर मोठे करून दाखवले. तिने चष्मा वर केला, कुलंगावर बोट ठेवले आणि कोपऱ्यातल्या पायाकडे पाहून म्हणाली, "ही चप्पल घालून गेला होतास होय रे तिथे?"